याले का म्हनतेत गा?

प्रश्न आत्याचा आहे. गोंडपिपरीच्या घरात, चष्मा कपाळावर चढवून आणि फोन हातभर लांब धरून तिनं तो विचारला. उत्तर द्यायला मला वर्षाहून अधिक काळ लागला.

फोटो न्यू जर्सीहून आला होता. तिच्या लेकीनं घरासमोरच्या झाडाशेजारी उभं राहून काढलेला. झाड खांद्याएवढं, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला फुलकोबीच्या गड्ड्याएवढा पांढरा पुंजका, वर निमुळता होत गेलेला. खाली लेकीनं लिहिलं होतं : हायड्रेंजिया, हार्डी, लार्ज फ्लॉवर. रोपवाटिकेच्या पाटीवरचं जसंच्या तसं. आत्यानं ‘हायडरें’पर्यंत वाचलं आणि पुढचं सोडून दिलं.

“याले का म्हनतेत गा, आपल्यात?”

तिच्या वाक्यातला खरा अवघड शब्द शेवटचा. गोंडपिपरीत ‘आपल्यात’ म्हणजे नेमकं कुणात? एका अंगाला वर्धा नदी, तिच्या पलीकडे तेलंगणा. दुसऱ्या अंगाला वैनगंगा, तिच्या पलीकडे आष्टी आणि गडचिरोलीचं जंगल. दोन्ही नद्या खाली जाऊन मिळतात आणि प्राणहिता होतात. बोलीही तशाच मिसळलेल्या. बाजारात झाडीबोली, कचेरीत पुस्तकी मराठी, तोहोगावकडून आलेल्या माणसाच्या तोंडी मध्येच एखादा तेलुगू शब्द, आणि आत्याच्या शेजारची म्हातारी नातवाशी गोंडीत बोलते. त्या म्हातारीला फोटो दाखवला तर ती म्हणाली, “पुंगार.” म्हणजे फूल. गोंडीतला हा पुंगार आणि तमिळमधला पू एकाच घरचे. ‘पूजा’ हा शब्दसुद्धा या द्रविड ‘पू’वरूनच आला, फूल वाहणं म्हणजे पूजा, असं मानणारे काही अभ्यासक आहेत, न मानणारेही तेवढेच आहेत. म्हातारीचा त्या वादाशी संबंध नव्हता. तिनं फूल म्हटलं आणि तिच्यापुरता प्रश्न मिटला.

गावाच्या नावापासूनच सुरुवात करावी म्हणून मी आधी ‘पिपरी’च्या मागे लागलो. झाडीबोलीत ळचा र होतो : डोळा तो डोरा, काळा तो कारा, सकाळी ते सकारी. तेव्हा पिंपळाचा पिपर आणि पिपराची पिपरी, इतकं सोपं मला वाटलं होतं. मग पुण्याजवळची पिंपरी आठवली. तिथे ळचा र करायला झाडीबोली गेली नव्हती. पिंपरी नावाचं एक वेगळंच झाड आहे, पिंपळाच्याच जातकुळीतलं, आणि गावांच्या नावांतला र बहुधा त्याचा. आमच्याकडे फक्त अनुस्वार गळाला. ‘गोंड’चं म्हणाल तर ते लोक स्वतःला कोइतूर म्हणवतात, गोंड हे नाव इतरांनी दिलेलं. तेलुगूत कोंडा म्हणजे डोंगर, त्यावरून ते आलं असं नागपूरचे पादरी स्टीफन हिस्लॉप यांना वाटत होतं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात तो तर्क नोंदवलेला आहे. तर्क मला पटतो, पण गोंडपिपरीच्या सपाट धानाच्या बांध्यांमध्ये उभं राहिलं की डोंगर कुठे, असं वाटतं खरं. धाब्याच्या कोंडय्या महाराजांच्या नावात मात्र तो डोंगर अजून शाबूत आहे.

असो. फुलाकडे यावं.

हायड्रेंजिया हे नाव ग्रीक तुकड्यांचं. हायडोर म्हणजे पाणी, आंगेइऑन म्हणजे भांडं. पाण्याचं भांडं. ग्रीक म्हटलं की आपण हात जोडतो, पण हे दोन्ही तुकडे आपल्या घरात रोज वावरतात. आंगेइऑन हा अँजिओग्राफीत आणि अँजिओप्लास्टीत बसलेला आहे. रक्ताचं भांडं म्हणजे रक्तवाहिनी. आत्याच्या यजमानांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून आत्या हा शब्द बिनचूक म्हणते, हायड्रेंजियापेक्षा किती तरी सफाईनं. आणि हायडोर तर आपला सख्खाच : संस्कृतातलं उदक, उद. समुद्रातला ‘उद’ तोच. पाणमांजराला आपल्या जुन्या मराठीत ऊद म्हणतात, संस्कृतात उद्र, आणि ग्रीकांचा पाणसाप हायड्रा हा त्या उद्राचा भाऊ. एकाच शब्दातून इकडे मांजर निघालं, तिकडे साप निघाला.

तेव्हा हायड्रेंजियाचं अक्षरशः भाषांतर करायचं तर उदपात्र, किंवा उदकुंभ. हा शब्द सुचला तेव्हा मी खूश झालो. कारण उदकुंभ आपल्याकडे जिवंत आहे. अक्षय्य तृतीयेला नवा माठ आणायचा, पाण्यानं भरायचा, पितरांच्या नावानं द्यायचा. वैशाखातलं ऊन अंगणात उभं असताना मेलेल्या माणसालाही तहान लागली असेल, हे ज्या लोकांना सुचलं ते आमच्यासारख्याच हवेत राहत असणार. उदकुंभ म्हणजे गोंडपिपरीसाठी घडवलेला शब्द.

मग कुणीतरी म्हणालं, उदकुंभ फार जड होतं, लोकांना कळेल असं म्हणा ना : जलकुंभी. आणि माझी सगळी कमाई पाण्यात गेली. जलकुंभी कोण, हे चंद्रपूरच्या पोराबाळांना ठाऊक आहे. रामाळा तलावाचं पाणी झाकून टाकणारी ती हिरवी गोधडी. पुण्याकडे तिला जलपर्णी म्हणतात. खरं तर जलकुंभी हे नाव तिचंही नव्हे. ते मुळात पाण्यावर तरंगणाऱ्या दुसऱ्याच एका देशी वनस्पतीचं, कुंभिकेचं. दक्षिण अमेरिकेतली ही पाहुणी आली, तलाव घेतला आणि नावही घेतलं. अंगणात हौसेनं लावायच्या फुलाला आता ते नाव द्यायची सोय राहिली नाही.

पण मुळात पाण्याचं भांडं का? पुष्कळ माणसं सांगतात की हे झाड पाणी फार पितं म्हणून. दिवसातून दोनदा पाणी घालून कंटाळलेल्या कुणालाही हे पटेल. पण ही लोकव्युत्पत्ती, शब्दाला मागाहून शिवलेलं अस्तर. नाव १७३९ सालचं आहे. व्हर्जिनियात जॉन क्लेटननं वनस्पती गोळा केल्या, सुकवून हॉलंडला पाठवल्या, आणि तिथे ग्रोनोव्हियस या वैद्यानं त्यांचं पुस्तक केलं. त्यात हे नाव आलं. त्याला दिसलं ते झाडाचं बोंड : मोहरीच्या दाण्याएवढं, खाली गोल, वर तोंड उघडं, काठावर दोन शिंगं. संक्रांतीचं सुगड मोहरीएवढं केलं तर कसं दिसेल, तसं. ते पाहून त्याला पाण्याचा घडा आठवला. सुगड म्हणजे सु-घट, तेव्हा आपण त्या जागी असतो तर आपणही फार वेगळं नाव ठेवलं नसतं.

आपण ठेवलेलंच आहे. मोगरा घ्या. मोगरा म्हणजे मुद्गर, पहिलवानाचा किंवा ठोकायचा. कपडे बडवायची मोगरी त्याच मुद्गराची लेक. गच्च पाकळ्यांची ती गोल, जड कळी बघून कुणाला तरी सोटा आठवला, आणि इतक्या नाजूक वासाच्या फुलाला आपण हजार वर्षं हत्याराच्या नावानं हाक मारतो आहोत. जाई-जुई बिचाऱ्या जाती आणि यूथिका झिजून झाल्या. त्यांच्यात वस्तू नाही. मोगऱ्यात मात्र आहे, आणि ती कुणालाच दिसत नाही.

हायड्रेंजियाची गंमत याहून पुढची. ज्या घड्यावरून नाव पडलं तो घडा बागेतल्या मोठ्या फुलाला जवळजवळ धरतच नाही. ते थोराड गोळे ज्यांचे बनतात ती फुलं बहुतेक वांझ असतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नसून निदलं असतात, कळीच्या बाहेरचं हिरवं आवरण जे असतं ते, इथे मोठं होऊन रंगलेलं. खरी फुलं बारीक, आत दडलेली. माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोठा गोळा देणारी झाडं निवडली, म्हणजे जास्तीत जास्त वांझ फुलं निवडली, आणि नावाचा आधारच काढून घेतला. फूल जितकं मोठं, तितकं नाव खोटं. लेकीच्या पाटीवर ‘हायड्रेंजिया’ आणि ‘लार्ज फ्लॉवर’ हे दोन शब्द शेजारी होते. त्यांचं आपसात पटत नाही, हे तिला काय माहीत.

युरोपातल्या बऱ्याच भाषांनी हे नाव घेतलंच नाही. फ्रेंच माणूस या फुलाला ऑर्तांसिया म्हणतो, डच हॉर्टेन्सिया. हे नाव ठेवलं फिलिबेर कॉमेरसाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं, आणि हा माणूस आपल्या ओळखीचा निघतो. बूगँव्हिल नावाच्या दर्यावर्दीनं १७६६ साली सुरू केलेल्या जगाच्या सफरीत तो सामील झाला, ब्राझीलमध्ये एक काटेरी रंगीत वेल त्याच्या नजरेस आली आणि तिला त्यानं कप्तानाचं नाव दिलं. तीच आपली बोगनवेल. मराठीनं काय केलं पाहा : ‘व्हिल’चा ‘वेल’ केला. फ्रेंच सरदाराच्या आडनावातून आपण एक शुद्ध मराठी वेल काढली, आणि आता कुणाला सांगितलं की यात वेल हा शब्दच नाही, तर तो मान्य करणार नाही. ‘गुल-ए-अब्बास’चं गुलबक्षी आपणच केलं. असली कामं शब्दकोशकार करत नाहीत, फाटकाशी उभ्या राहून रोप मागणाऱ्या बायका करतात.

याच सफरीत कॉमेरसाँचा मदतनीस म्हणून वावरणारा पुरुष ही जान बारे नावाची बाई होती, वेष पालटलेली. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री. तिच्या नावाचं फूल मात्र अंगणात आलं नाही. ऑर्तांसिया ही कोण, यावर भांडणं आहेत. नेपोलियनच्या सावत्र मुलीचं नाव ऑर्तांस होतं, त्यावरून फूल, असं पुष्कळदा सांगतात. पण तिचा जन्म १७८३चा आणि कॉमेरसाँ मॉरिशसमध्ये १७७३लाच वारला. तिच्या आधी दहा वर्षं मेलेला माणूस तिचं नाव कसं देणार? उरलेल्या उमेदवार बायकांपैकी एकीबद्दलही खात्रीचा पुरावा नाही. लॅटिनमध्ये हॉर्टुस म्हणजे बाग, हॉर्टिकल्चरमधला, आणि ऑर्तांसिया म्हणजे नुसतं ‘बागेतली’, असंही असू शकतं. मला हेच बरं वाटतं. बाईचा शोध घेणाऱ्यांना वाटत नाही.

बाईचं नाव खरोखर दडलेलं आहे ते जपानात. नागासाकीच्या बंदरातल्या डच वखारीवर १८२३ ते १८२९ सीबोल्ट नावाचा जर्मन डॉक्टर होता. ताकी नावाच्या जपानी स्त्रीशी त्याचा संसार झाला, मुलगी झाली, आणि मग हेरगिरीच्या आरोपावरून त्याला देशाबाहेर काढलं. युरोपात परतल्यावर जपानी वनस्पतींवर त्यानं जो ग्रंथ काढला, त्यात एका हायड्रेंजियाचं नाव आहे ओटाक्सा. वाचणाऱ्यांना तो जपानी शब्द वाटला. जपान्यांना तसा शब्दच माहीत नव्हता. तो होता ‘ओ-ताकी-सान’, म्हणजे ‘ताकीबाई’, भरभर म्हटलेलं. पुढे माकिनो या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञानं हे उघड करून सीबोल्टला चांगलं फैलावर घेतलं, शास्त्रात घरचं माणूस घुसवल्याबद्दल. शास्त्रीय नाव म्हणून ओटाक्सा आता बाद आहे. मला विचाराल तर या झाडाच्या सगळ्या नावांत एवढं एकच नाव कुणीतरी मनापासून ठेवलेलं आहे.

आता पाटीवरचा दुसरा शब्द : हार्डी.

हा शब्द वरवर बिनकामाचा दिसतो, आणि सगळी मेख तिथेच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये हार्दी म्हणजे धीट, धाडसी. त्याच्या मुळाशी ‘कठीण’ या अर्थाचा जर्मानिक शब्द. इंग्रजीत येऊन तो दणकट झाला आणि बागेत शिरल्यावर त्याचा अर्थ फारच अरुंद झाला : हिवाळ्यात न मरणारं. त्याला मापही आहे. अमेरिकेच्या शेतीखात्यानं १९६० साली एक नकाशा काढला, वर्षातली सर्वांत थंड रात्र किती थंड असते त्यावर देशाचे पट्टे पाडले, आणि झाड कितव्या पट्ट्यापर्यंत तगेल ते पाटीवर छापतात. लेकीच्या फोटोतलं झाड पॅनिक्युलाटा जातीचं. उणे ३५ अंशांतही ते जगतं. या जातीचं जे जुनं मोठ्या फुलांचं वाण, पॅनिक्युलाटा ग्रँडिफ्लोरा, त्याच्या आद्याक्षरांवरून तिकडचे माळी त्याला ‘पीजी’ म्हणतात. आमच्याकडे पीजी म्हणजे एक तर नागपुरात शिकायला गेलेल्या पोराची खोली, नाहीतर डॉक्टरची पुढची परीक्षा. पॅनिक्युला हा मात्र ओळखीचा निघावा असा शब्द आहे : त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं बाजरीसारख्या धान्याचं कणीस आहे, आणि वनस्पतिशास्त्रात धानाच्या लोंबीला हीच संज्ञा लावतात. गोंडपिपरीच्या बांध्यांमध्ये कार्तिकात पॅनिकलंच पॅनिकलं असतात. कुणी फोटो काढून न्यू जर्सीला पाठवत नाही एवढंच.

उणे ३५. आमच्याकडे कडक थंडी म्हणजे आठ-दहा अंश, आणि तेवढ्यात लोक शेकोटीभोवती बसून त्या वर्षीच्या थंडीच्या गोष्टी रचतात. अमेरिकन नकाशाच्या मापानं गोंडपिपरी म्हणजे नंदनवन. इथे प्रत्येक झाड हार्डी. मरायचं ते दुसऱ्या टोकाला, मे महिन्यात, जेव्हा पारा ४७ला टेकतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. उष्णतेचाही नकाशा तिकडे १९९७ साली निघाला, ३० अंशांच्या वर वर्षातले किती दिवस जातात ते मोजून. त्याचा आकडा पाट्यांवर क्वचितच दिसतो. ज्याची भीती, त्याचा आकडा.

आपणही आपल्या भीतीनंच मोजतो. “तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत” असं म्हणतो, हिवाळे कुणी मोजत नाही. ‘वर्ष’ या शब्दाचाच मूळ अर्थ पाऊस. ऋग्वेदात शंभर हिवाळे जगू दे अशी मागणी आहे, शंभर शरदही आहेत; वर्ष म्हणजे साल, हा अर्थ मागाहून रुळला. लोक जसे उबदार मुलखात खाली सरकले तसा कालमापनाचा ऋतू बदलला, असं म्हणायचा मोह होतो. मोह आहे एवढंच म्हणतो.

तर हार्डीला मराठीत काय म्हणावं? काटक हा चांगला शब्द, मला त्यात काष्ठ ऐकू येतं. चिवट आहे, दणकट आहे. पण हे माणसांचे शब्द. झाडाला लावले की भाषण वाटतं. जे झाड कशानंच मरत नाही त्याला आमच्याकडच्या लोकांनी काय नाव दिलं हे पाहायचं असेल तर नाल्याच्या काठानं चालावं. फिकट जांभळ्या कर्ण्यांसारखी फुलं, पुरात बुडालं तरी जिवंत, उन्हात वाळलं तरी जिवंत, तोडून फेकलं तिथे रुजणारं, गुरं ज्याला तोंड लावत नाहीत. बेशरम. सबंध विदर्भात तेच नाव आहे. तेही दक्षिण अमेरिकेचंच, पण कुणी त्याला विलायती म्हणत नाही, कारण त्याची चौकशी करावी इतकी इज्जतच त्याला दिलेली नाही. आणि आता जुन्या फ्रेंचमधला हार्दी पुन्हा आठवा : धीट. आजही फ्रेंचमध्ये या शब्दाला आगाऊपणाची, निर्लज्जपणाची छटा आहे. तिकडे धीटपणाचं कौतुक करत शब्द रोपवाटिकेच्या पाटीपर्यंत पोचला, इकडे त्याच धीटपणाला शिवी दिली. कोड नसलेलं, लाड नसलेलं, तरी मरत नाही म्हणजे काय? लाज कशी नाही वाटत? दुसऱ्या टोकाला हात लागताच मिटणारी लाजाळू आहे, आणि तिचं सगळ्यांना कौतुक. मराठी माणसाच्या वनस्पतिशास्त्रात अब्रू हा फार मोठा विषय आहे.

भाषांतर म्हणून बेशरम अगदी अचूक आहे. पण लेकीला कसं कळवणार, की तुझ्या झाडाला आपल्यात बेशरम म्हणतात?

दरम्यान, प्रश्न नुसता शब्दाचा राहिला नव्हता. फेब्रुवारीत मी नागपूरच्या एका रोपवाटिकेतून कुंडी आणली. पॅनिक्युलाटा मिळणं शक्य नव्हतं. मिळालं ते मॅक्रोफिला, गोल गोळ्याचं, ज्याला शास्त्रात प्रथम वर्णन करणाऱ्या थुनबर्गनं १७८४ साली व्हायबर्नम समजून भलत्याच कुळात टाकलं होतं. विकणाऱ्यानं सांगितलं, बाराही महिने चालतं. निळा गोळा होता, शाईसारखा. आत्यानं तो दारात ठेवला, कामाला येणाऱ्याजाणाऱ्यांनी हात लावून कागदाचा नाही ना याची खात्री करून घेतली.

मार्च लागला आणि त्यानं मान टाकायला सुरुवात केली. मान टाकणे हा किती नेमका शब्दप्रयोग आहे ते हायड्रेंजिया पाळल्याशिवाय कळत नाही. मुळांना जेवढं पाणी ओढता येतं त्याहून जास्त ही थोराड पानं उन्हात उडवून देतात. अकरा वाजता झाड ताठ, एक वाजता सगळी पानं आणि गोळा देठापासून खाली, एखाद्यानं वाईट बातमी ऐकावी तसं. माती ओली असली तरी. संध्याकाळी पुन्हा उभं. आत्याला पहिले दोन दिवस रडू यायचं बाकी राहिलं, तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “ऊन उतरलं का उठते थे. नाटकी हाये.” एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या. मग तिनं कुंडी उचलून अंगणातल्या मांडवाखाली, रांजणाला टेकवून ठेवली. रांजण झिरपतो, भोवतीची माती कायम थंड. माठ विसळलेलं पाणी, तांदळाचं धुणवण, सगळं त्याला. मे महिन्यात पानं गळून नुसत्या काड्या राहिल्या, तरी ती पाणी घालत राहिली. अक्षय्य तृतीयेला नवा माठ आला आणि जुना माठ कुंडीशेजारी गेला. उदकुंभाशेजारी उदकुंभ, असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

पाऊस पडल्यावर काड्यांना बुडाशी कोंब आले. कुंडी अपुरी पडेल म्हणून आत्यानं ऑगस्टमध्ये ते अंगणात, त्याच रांजणाजवळ लावलं. तिथली माती कन्हार, काळी, चिकट, चुनखडीचे खडे असलेली. इथे मला गप्प बसवेना. हे फूल निळं व्हायला मातीत आंबटपणा लागतो. आम्ल मातीत ॲल्युमिनियम विरघळतं, मुळांतून वर चढतं आणि फुलातल्या रंगद्रव्याला धरून निळं होतं. चुनखडीच्या मातीत ॲल्युमिनियम अडकून बसतं, फूल गुलाबी होतं. आत्या, निळं राहणार नाही ते, मी म्हणालो. “नाई राहत तं नाई राहो,” ती म्हणाली.

थंडी त्या वर्षी बरी पडली. कळी धरायला या झाडाला थंड रात्री लागतात आणि तेवढ्या तरी मिळाल्या असाव्यात. मार्चच्या सुरुवातीला एक गोळा आला, लिंबाएवढा. आधी हिरवट, मग पांढरा, मग कडेनं फिकट गुलाबी. मी त्या वेळी गावात होतो. आत्या त्याच्यासमोर उकिडवी बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं दिसत होतं.

“अगा, हा तं रायमुनिया,” ती म्हणाली.

रायमुनिया म्हणजे घाणेरी. टणटणी म्हणतात काही ठिकाणी, शास्त्रात लँटाना. ताडोब्याच्या जंगलात वाघ जिच्या आडोशाला बसतो आणि वनखातं जी उपटून उपटून थकलं ती झुडपं. बारीक फुलांचा गोल झुबका, आणि एकाच झुबक्यात पिवळा, केशरी, गुलाबी, कारण फूल जुनं होईल तसं रंग पालटतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. कूळ वेगळं, पान वेगळं, वास तर फारच वेगळा. आणि मग एकेक आठवायला लागलं. लँटाना हा शब्द मुळात घाणेरीचा नव्हेच. तो व्हायबर्नमचं जुनं लॅटिन नाव. आणि व्हायबर्नम म्हणजे तेच, जे समजून थुनबर्गनं हायड्रेंजियाला शास्त्रात पहिल्यांदा आणलं. तो फसला होता तो असाच, झुबका बघून. जपानीत हायड्रेंजियाला अजिसाई म्हणतात, पण रंग पालटतो म्हणून त्याचं आणखी एक जुनं नाव आहे : शिचिहेंगे. सात रूपं. आणि घाणेरी जपानात पोचली तेव्हा तिथल्या लोकांनी तिला नाव दिलं तेही शिचिहेंगेच.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. सीबोल्टला वगळून, कारण ताकीबाईची गोष्ट निघाली असती तर संध्याकाळ झाली असती. तिनं ऐकून घेतलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, रांजणातून गडवाभर पाणी काढलं आणि बुडाशी ओतलं.

“म्हंजे जपानातल्या लोकायले ठावा होता,” ती म्हणाली. “मंग तू वरीसभर का शोधत होता गा?”